बुरोंडीहून दुसऱ्या वर्षाला

सकाळी सहाला आम्ही बुरोंडीहून निघालो, तेव्हा माझ्या पाठीवरच्या पिशवीत पदविकेच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि अर्धा किलो सोडे (सोलून वाळवलेली कोळंबी) होते. कागद माझे, सोडे बायकोचे, सुनंदाचे. रत्नागिरीत तिची धाकटी बहीण राहते, तिच्यासाठी. अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला नंबर लागला होता. संध्याकाळी पाचच्या आत कॉलेजात हजर राहून प्रवेश पक्का करायचा, नाहीतर जागा गेली. नंबर माझाच लागला होता. माझं वय त्रेचाळीस.

पदविका झाल्यापासून मी बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. तेव्हाही पुढच्या प्रवेशाचं पत्र आलं होतं, पण बाबांना इंजिनदुरुस्तीचं दुकान एकट्याने झेपेना, म्हणून गेलो नाही. यंदा सुनंदाने अर्ज भरायला लावला. म्हणाली, "ते जुनं पत्र किती वर्षं कपाटात जपणार? एकदा काय तो निकाल लागू दे."

दाभोळला मोटारसायकल फेरीबोटीत चढवली आणि पलीकडे धोपाव्याला उतरलो. गुहागरच्या पुढे एका टपरीवर घावणे खाल्ले. तवसाळहून दुसरी फेरीबोट, समोर जयगड. पावसाने सडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार) हिरवा झाला होता, मधेमधे जांभळ्या फुलांचे पट्टे. आरे-वारेच्या चढावर सुनंदा म्हणाली, "थांबा ना जरा, समुद्र बघू." एरवी मी कुरकुर केली असती. त्या दिवशी अर्धा तास थांबलो.

कॉलेजच्या फाटकावर रखवालदाराने आम्हाला पाहिलं आणि हात केला. "पालक डावीकडच्या हॉलात."

"अहो, मीच..."

"हो हो, तुम्हीच. मुलं वर गेलीत."

हॉलात पालकांना चहा मिळाला, म्हणून बसलो. एक बाई समुपदेशन करत होत्या. "या वयात मूल हट्टी होतं. त्याच्यावर ओरडू नका, विश्वासात घ्या." सुनंदा मन लावून ऐकत होती आणि मधूनमधून माझ्याकडे बघून मान डोलवत होती. शेवटी तिने हात वर केला. "आणि जेवताना सारखा मोबाइल बघत असला तर?"

"काढून घ्या," बाई म्हणाल्या. सुनंदाने तिथल्या तिथे काढून घेतला.

वर खिडकीमागे पन्नाशीचे एक कारकून होते. "मुलाला पुढे पाठवा."

"मीच मुलगा," मी म्हटलं.

त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं, मग गुणपत्रिका नाकाशी नेली. "याला वास कसला येतोय?"

"सोड्यांचा," सुनंदा म्हणाली.

"घरचे?"

"घरचे."

त्यानंतर त्यांनी प्रत्येक कागद फार मायेने तपासला. पण नियम तो नियम. शिक्षणात बावीस वर्षांचा खंड होता, त्याचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. घड्याळात अडीच वाजले होते.

कोर्टाजवळ एक टायपिस्ट भेटला. त्याच्या कॉम्प्युटरवर खंडाची दोनच कारणं तयार होती. "आजारपण टाकू का कौटुंबिक अडचण?"

"मी इंजिनं दुरुस्त करत होतो."

"ते यात बसत नाही. आजारपण टाकतो."

"बावीस वर्षं आजारी? मग मी जिवंत कसा?"

त्याने विचार केला. "हयातीचा दाखला वेगळा लागेल."

सुनंदा पुढे झाली. "भाऊ, कौटुंबिक अडचण लिहा. हे तेवढी वर्षं कुटुंबातच होते."

सगळे सह्याशिक्के होऊन खिडकीशी परतलो, तोवर साडेचार झाले होते. आता एकच कागद उरला होता. विद्यार्थी रॅगिंग करणार नाही, अशी पालकांची हमी. आई किंवा वडील यांची सही. आई वारली, वडील बुरोंडीत. मी म्हटलं, "मग राहू दे." पण कारकुनांनीच बाबांना फोन लावायला सांगितला.

"आजोबा, तुमचा मुलगा इथे पोरांना त्रास तर देणार नाही ना?"

"कोण, आमचा? आता नाय देत. लहानपणी लय द्यायचा."

कारकुनांनी 'वडिलांशी बोलणे झाले' असा शेरा मारला आणि कागद सुनंदापुढे सरकवला. "तुम्ही करा सही. विद्यार्थ्याशी नातं?"

"बायको."

त्यांनी पेन क्षणभर हवेतच धरलं आणि मग लिहिलं. सुनंदाने ओळीवर बोट ठेवून सगळी हमी मोठ्याने वाचली. माझ्या वागणुकीची जबाबदारी तिची, हे वाक्य तर तिने दोनदा वाचलं आणि सही केली. पाचला सात मिनिटं असताना शिक्का पडला. रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हणाला, "काका, कुठली ब्रँच?"

"मेकॅनिकल."

"मग एकाच वर्गात आपण."

मुक्काम मेहुणीकडे केला आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परतलो. जयगडहून फेरीबोट सुटली, तेव्हा कठड्याला टेकून मी सुनंदाला खरं काय ते सांगितलं. मी रत्नागिरीला प्रवेश घ्यायला गेलोच नव्हतो. नकार आणायला गेलो होतो. खिडकीवरून कुणीतरी 'होणार नाही' म्हणालं असतं, तर उरलेलं आयुष्य त्याच्या नावाने खडे फोडायला मोकळा झालो असतो. दर अडचणीला मला सुटल्यासारखं वाटत होतं आणि दर वेळी कुणीतरी ती दूर करत होतं. आता ना कुणाचा राग धरता येत होता, ना मागे फिरता येत होतं. भीती मात्र चांगलीच वाटत होती.

"ठाऊक होतं मला," सुनंदा म्हणाली. "नायतर मी कशाला आले असते एवढ्या लांब?"

घरी पोचलो, तर अंगणात हर्णेच्या एका बोटीचं इंजिन उतरवून ठेवलेलं. मासेमारीचे दिवस नुकतेच सुरू झाले होते. मी बाह्या सरसावल्या. बाबा ओट्यावरून उठले आणि माझ्या हातातला पाना त्यांनी काढून घेतला.

"नाव घातलंस ना?"

"घातलं."

"मग इथं काय करतोस? आत जा, अभ्यासाला बस."