गिरणीची पायरी

ज्याच्या हाती शिक्का नाही, कमरेला पट्टा नाही आणि खिशात नेमणुकीचा कागद नाही, तरीही ज्याचा हुकूम कोणी मोडला नाही, असा एकच पुरुष मी ठाणे शहरात पाहिला आणि तो नात्याने माझा साडू लागतो. हे विधान मी जबाबदारीने करीत आहे. माझे शिक्षण सातव्या इयत्तेत थांबले खरे. परंतु कचेरीच्या फाटकाबाहेर टेबल मांडून मी आयुष्यभर लोकांचे अर्ज लिहिले, आणि शिक्कामोर्तब झालेले हुकूम लोक कसे धाब्यावर बसवतात, हे माझ्याइतके जवळून फार थोड्यांनी पाहिले असेल. म्हणूनच साडूंच्या अंमलाचे मला सदैव कुतूहल वाटत आले.

हा अंमल चाले नौपाड्यातील एका घड्याळदुरुस्तीच्या दुकानापुढील फळीवर. ऐंशीचे दशक नुकते लागले होते. क्रिकेटचा सामना असला की दुकानदार रेडिओ बाहेर आणून ठेवी आणि समालोचन ऐकण्यास माणसे जमत. तेथे व्यवस्था ठेवण्यास साडूंना कोणीही नेमले नव्हते. कळव्याच्या कारखान्यात आठवडाभर वरिष्ठांचे निमूट ऐकणारा हा मनुष्य फळीवर बसला की न्यायाधीश होई. फलंदाज नव्वदीत असता ‘शतक’ हा शब्द कोणी उच्चारायचा नाही. गडी बाद झाला म्हणून रागावून उठणाऱ्यास त्या दिवशी पुन्हा जागा नाही. आणि ‘मी आधीच बोललेलो’ हे वाक्य सामना संपल्यावरही वर्ज्य. खेळाडूंवर टीका करण्यास मुभा होती, पण तिलाही हद्द होती. “बॅटीपर्यंत काय ते बोला,” साडू म्हणत, “घरापर्यंत जायचं नाही.” नियम मोडणाऱ्यास प्रथम चष्म्याच्या घराने फळीवर टकटक करून समज मिळे. नंतर तेच घर रस्त्यापलीकडे रोखले जाई. पलीकडे पिठाची गिरणी होती. तिच्या पायरीवर बसणाऱ्यास घरघरीपुढे रेडिओचे अक्षर ऐकू येत नसे. इकडची मंडळी उसळलेली दिसत, का उसळली ते मात्र कळत नसे. ज्याला दुखावले त्याने हात करून बोलावेपर्यंत अपराध्याने तेथेच बसायचे. एकदा खुद्द दुकानदार एका निवृत्त मास्तरांना ‘तुमच्या पोरांसारखेच तुम्हीही ढ’ असे म्हणाला. चष्म्याचे घर तत्काळ रोखले गेले. “अहो, दुकान माझं आहे,” दुकानदार कळवळला. “मग समोरून लक्ष ठेवायला बरं,” साडू म्हणाले. रेडिओचा मालक मुकाट्याने पलीकडे गेला, आणि मास्तरांनी चहा सावकाश संपवून मगच हात केला.

साडूंच्या उजव्या हाताची जागा मात्र ठरलेली होती. बाळकुमचा एक कोळी, खाडीची मासळी बाजारात पोचवून, रिकामी पाटी फळीखाली सरकवून तेथे बसे. साडू कट्टर शाकाहारी. अंड्याच्या वासानेही कासावीस होत. पण त्या जागी दुसरा कोणी टेकला की म्हणत, “सरका, त्याची यायची वेळ झाली.” परदेशातील एका मोठ्या स्पर्धेत उपांत्य सामन्याच्या दिवशी आपल्या एका कोवळ्या पोराने सोपा झेल सोडला आणि या कोळ्याने त्या पोराच्या आईवरून शिवी हासडली. साडूंनी टकटक केली नाही. त्यांनी चष्म्याचे घर उचलून रस्त्यापलीकडे दाखवले. ते दाखवताना मित्राकडे पाहिले मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी कोळी माझ्या टेबलापाशी उभा. अंतिम सामना शनिवारी होता आणि तो आपल्या माणसांत बसून ऐकावा, एवढीच त्याची इच्छा होती. “भाऊ, त्यानी झेल सोरला, मना राग आला, निघून गेला तोंडातून,” तो म्हणाला, “तू असा लिव, का तुझे साडूला पाझर फुटंल.” मी ‘कृपावंत होऊन’ पासून ‘सेवेशी सविनय’ पर्यंत काहीही हातचे न राखता अर्ज लिहिला आणि स्वतः नेऊन दिला. साडूंनी तो दोनदा वाचला.

“अक्षर झकास आहे. पण हा माझ्या नावे का? शिवी मला दिलेली नाही. ज्या बाईला दिली, तिनं हात करायला हवा.”

“ती कुठली, कोण, आपल्याला ठाऊक तरी आहे का?”

“मग जिला ओळखत नाही, तिला शिवी कशाला द्यायची?”

अर्ज घेऊन मी परतलो आणि साडूंचा निवाडा कोळ्याला जसाच्या तसा सांगितला.

शनिवारी गिरणी चालू होती. कोळी पायरीपाशी पाटी उपडी घालून बसला. इकडे साडूंच्या उजव्या हाताला मोकळी फळी. पहिला चौकार गेला आणि आमचे साडू, जे शतकालाही टाळी वाजवत नसत, ते उठून रस्त्याच्या कडेला गेले आणि पंचासारखा हात छातीपुढून हलवू लागले. मास्तरांनी विचारले, हे नियमात बसते का? “ऐकायची बंदी आहे,” साडू न वळता म्हणाले, “बघायची कुठे आहे?” मग सबंध डाव ते उभेच. षटकाराला दोन्ही हात वर. गडी बाद झाला की बोट इतके जड होऊन उठे, जणू तो यांच्यामुळेच बाद झाला. सामना जिंकल्यावर पलीकडे कोळी पिठाने पांढऱ्या झालेल्या गिरणीवाल्याला मिठी मारून नाचला. त्या आनंदातही त्याने रस्ता ओलांडला नाही. साडूंचे हात कितीतरी वेळ वरच राहिले होते.

पुढे घरोघरी रंगीत टीव्ही आले आणि माणसे पांगली. मास्तर गेले, दुकानदार मुलाकडे डोंबिवलीस राहावयास गेला, गिरणीही बंद पडली. परवा सामन्याच्या दिवशी सहज तिकडून चाललो होतो. बंद दुकानाच्या फळीवर साडू आपला ट्रान्झिस्टर घेऊन बसले होते. समोर बंद गिरणीच्या पायरीपाशी, पाटीवर, कोळी. आता रस्त्यापलीकडे समालोचन सहज ऐकू जात होते. तरीही चौकार गेला तसे साडू गुडघ्यावर हात टेकून कष्टाने उठले आणि हात हलवून पुन्हा बसले. मला राहवले नाही. पलीकडे जाऊन मी कोळ्याला म्हणालो की झाली ती शिक्षा पुष्कळ झाली, आता जाऊन शेजारी बसावे. साडूही वाटच पाहत असतील.

त्याने समोर पाहिले. साडूंच्या उजव्या हाताची फळी तेवढी पुसून ठेवलेली दिसत होती.

“मना पन वाटतं रं,” तो म्हणाला. “पन त्या पोराचे माउलीनी अजून हात केला नाय ना.”