तीन सेंटिमीटरची काच

काचवाल्याचं माप कधी चुकलं नाही. गिऱ्हाईक टेप घेऊन आलं तरी तो खिडकीकडे नुसतं बघायचा आणि आकडा सांगायचा. मग गिऱ्हाईक टेप लावून बघायचं आणि टेप गुंडाळून ठेवायचं. तीस वर्षं त्यानं गावभर आरसे बसवले, टेबलांवर काचा टाकल्या. काचेवर हिऱ्याच्या टोकाची हिरकणी ओढायची, खालून एक टिचकी मारायची. काच सांगितल्यासारखी दोन व्हायची. कडा घासल्याशिवाय मात्र त्यानं कुणाच्या हातात काच दिली नाही.

आईकडून त्याला नि धाकट्या भावाला ना घर मिळालं, ना सोनं. मिळाली ती जन्मापासूनची रक्तातली कावीळ, ब प्रकारची. ती पन्नाशीपर्यंत अंगात गुपचूप बसून राहिली आणि मग यकृतात गाठ होऊन उठली. आधी धाकट्याच्या. तो राजधानीत एका छापखान्यात होता. गाठ सोमवारी दिसली, पुढच्या आठवड्यात सुई घालून जाळली, तिसऱ्या दिवशी तो घरी जेवला. दोन वर्षांनी थोरल्याची पाळी आली.

इथल्या सरकारी दवाखान्यात पोटाचे डॉक्टर महिन्यातून एका गुरुवारी येत. त्यांनी फोटो उजेडासमोर धरला. गाठ दोन पॉइंट सहा. तीन सेंटिमीटरच्या आत आहे तोवर जाळता येते, माणूस बरा होऊ शकतो. पण मशीन इथे नाही. राजधानीत आहे, आणि तिथे आधी तिथल्या पत्त्याचे रोगी. बाहेरच्यांची यादी अकरा आठवड्यांची.

तो तसाच दुकानात गेला. उरलेल्या तुकड्यातून तीन सेंटिमीटरचा चौकोन कापला आणि शर्टाच्या खिशात टाकला. दारात गिऱ्हाईक ताटकळलं होतं. कडा घासायच्या राहिल्या.

बायकोनं वाट काढली. दवाखान्याच्या अर्जावर भाऊजींचा पत्ता घालायचा. सख्ख्या भावाचं घर, त्यात खोटं ते काय? तिनं फोन केला. धाकटा "बघतो" म्हणाला. चार दिवसांनी जाऊबाईंचा फोन आला. नियम फार कडक झालेत, पत्ता तपासायला माणूस येतो. उद्या ह्यांचंच दवाखान्याचं कार्ड रद्द झालं तर दर तीन महिन्यांच्या तपासण्या कोण करणार? दादांनी तब्येतीला जपावं, तेलकट खाऊ नये.

बायकोनं फोन ठेवला. "बुडत्यानं हात मागितला," ती म्हणाली, "तर म्हणतात, पाणी गार आहे, जपा."

काचवाला हसला. हसताना उजव्या कुशीत दुखलं.

तो काचा कापत राहिला. सातव्या आठवड्यात एका आरशाचं माप अर्ध्या बोटानं चुकलं. गिऱ्हाईक त्याच्या पिवळ्या डोळ्यांकडे बघून काहीच बोललं नाही, तसाच आरसा घेऊन गेलं. ते त्याला जास्त लागलं.

ठरल्या तारखेला तो राजधानीत पोचला. नवा फोटो निघाला. तीन पॉइंट आठ, आणि गाठ शिरेत शिरलेली. आता जाळून उपयोग नव्हता.

"दोन महिने आधी का नाही आलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"आलो होतो की," तो म्हणाला. "तुमच्या यादीत होतो."

डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, तुमच्या तिकडच्या दवाखान्यातून घ्या म्हणाले. तिकडे मिळतात का, ते त्यांना माहीत नव्हतं.

बाहेर बाकावर धाकटा डबा घेऊन बसला होता. पोट सुटलेलं, गाल भरलेले. परतीच्या बसला अजून तास होता. डॉक्टर काय म्हणाले हे ऐकल्यावर धाकटा छापखान्यातल्या नव्या साहेबाबद्दल बोलत सुटला. गप्प बसणं त्याला जमेना.

"दाखव," काचवाला मधेच म्हणाला.

"काय?"

"सुई घातली ती जागा."

धाकट्यानं इकडेतिकडे बघून शर्ट वर केला. बरगडीखाली तिळाएवढा डाग होता.

"एवढंच?"

"एवढंच, दादा."

काचवाल्यानं खिशातला चौकोन काढून त्यावर ठेवला. डाग बरोबर मधोमध आला. चारी बाजूंना भरपूर जागा उरली. त्यानं अंगठ्यानं काच दाबली.

"दादा, बोचतंय."

"कडा घासायच्या राहिल्यात," काचवाला म्हणाला. अंगठा त्यानं काढला नाही.