वानखेडे काकांची सळई आणि संजूचं स्वादुपिंड

भिलाईतल्या एका शाळेच्या ग्रंथालयात मी एकतीस वर्षं काढली, आणि तेवढी वर्षं भुताखेतांची पुस्तकं कथा-कादंबऱ्यांच्या कपाटात लावली. विज्ञानाच्या कपाटात एकही जाऊ दिलं नाही. या सदरातले गूढ अनुभव मी आवडीने वाचते, पण वाचून झाल्यावर माझा पहिला प्रश्न असतो – त्या दिवशी लिहिणारा जेवला काय होता? आता मीच लिहायला बसले आहे, तर आधीच सांगून टाकते... पोहे. सकाळचे दहा वाजले होते आणि लख्ख ऊन होतं.

आमचं घर उतईच्या रस्त्याला, बाबांनी स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर बांधलेलं. घरात मी, माझा धाकटा भाऊ संजू, त्याची बायको वैशाली आणि त्यांची सात वर्षांची मुलगी. संजू रसमड्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. चहासुद्धा अर्धा कप घेणारा माणूस.

या माणसाला दीड वर्षात तिसऱ्यांदा पॅन्क्रियाटायटिस झाला. म्हणजे स्वादुपिंडाला सूज. (नाव असं, की दिवाळीच्या फराळात वाढावं!) पोटात वर अशी कळ यायची की ती थेट पाठीत निघायची, आणि संजू गुडघे छातीशी घेऊन पडून राहायचा. दर वेळी ॲडमिट, सलाईन, उपास. आणि दर वेळी डॉक्टरांचा पहिला प्रश्न – "ड्रिंक्स?" पित्ताचे खडे नाहीत, रक्तातली चरबी ठीक, मग उरतं काय? संजू "नाही" म्हणायचा आणि डॉक्टर कागदावर काहीतरी लिहायचे. ते अक्षर मला कधी लागलं नाही, पण पेन ज्या तऱ्हेने फिरायचं त्यावरून विश्वास बसला नसावा.

त्यात वैशालीचे वडील राजनांदगावच्या एका नशामुक्ती समितीचे अध्यक्ष. शाल, माइक आणि स्वतःचा फोटो असलेलं बॅनर यांच्याशिवाय ते उभे राहिलेले मी पाहिलेले नाहीत. त्यांच्या जावयाला हा आजार! तिसऱ्या खेपेनंतर वैशालीने बॅग भरून दाराशी ठेवली.

"ताई, दारूचा राग नाई मले," ती मला म्हणाली, "खोट्याचा हाय. ह्यांनी एक डाव खरं सांगावं, मी सगळं निभावून नेईन. बुधवारी रायपूरच्या मोठ्या डॉक्टरले दाखवाचं हाय. तिथंबी खोटं बोलले, तं मी पोरीले घेऊन माहेरी चालली."

संजूची पंचाईत लक्षात घ्या. कबूल करायला त्याच्याजवळ काही नव्हतंच. शनिवारी तो मला हळूच म्हणाला, "ताई, पितो म्हणून सांगून टाकू का? संसार तं वाचन."

"कोणती पितो म्हणून विचारलं तर?"

"तेच तं मालूम नाई न बाप्पा... तू सांग एखादं नाव."

मलाही सुचलं नाही. घराण्याचीच कमतरता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, वानखेडे काका आले. ते संजूसाठी नव्हे, स्वयंपाकघरातल्या नळासाठी. काका आमच्या मागच्या गल्लीत राहतात, प्लांटच्या पाणीपुरवठ्यातून रिटायर झाले. हातभर लोखंडी सळईचं एक टोक पाइपवर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, डोळे मिटायचे, आणि जमिनीखाली कुठे गळतंय, कुठे तुंबलंय ते सांगायचं. एकदाही चुकले नाहीत असं ते स्वतः सांगतात, आणि आश्चर्य म्हणजे इतरही सांगतात.

दारातच मी म्हटलं, "काका, संजूनं आठ दिवसांमागं नळ बदलला, तेव्हापासून धार बारीक झाली. ह्यानंच काहीतरी बिघडवलं." आणि चहा ठेवायला गेले.

संजू मधल्या खोलीत दिवाणावर पडला होता. नळाचा पाइप त्याच दिवाणामागच्या भिंतीतून जातो. मी चहा घेऊन आले तर काका दिवाणाच्या कडेला बसलेले, डोळे मिटलेले, सळई कानामागे. तिचं दुसरं टोक संजूच्या पाठीमागे कुठेतरी गेलं होतं. भिंतीला टेकलं होतं की आणखी कशाला, ते मला दिसलं नाही. खोटं कशाला सांगू?

मग त्यांनी सळई खाली ठेवली, उशीजवळचं संजूच्या रिपोर्टांचं पाकीट उचललं आणि खिशातल्या पेन्सिलीने मागच्या बाजूला दोन रेघा ओढल्या. एक जाड, एक बारीक.

"बाई, पोराले कावून दोष देता? ह्यानं काई बिघडवलं नाई. दोन लाइना हायेत, एक मोठी, एक छोटी. सुरुवातीलेच जोडाच्या होत्या, त्या जुडल्याच नाई. आता मोठीचा सगळा माल बारक्या तोंडातून निंगून राहिला. मंग बॅक प्रेशर मारन नाई तं काय करन? फिटिंगच पहिलेपासून तशी हाय. बारकं तोंड थोडं मोठं करून द्या, बस."

मला वाटलं, संजूने त्यांच्याजवळ मन मोकळं केलं असावं आणि म्हातारा त्याला पाण्याच्या भाषेत धीर देतोय. संजूच्या तर डोळ्यांत पाणी आलं. दीड वर्षात 'ह्यानं काही बिघडवलं नाही' असं म्हणणारा हा पहिलाच माणूस. काकांनी चहा घेतला आणि उठताना म्हणाले, "कवा तोडाचं ते सांगा." ऑपरेशनला 'तोडणं' म्हणतात म्हणून मला ते जरा रांगडे वाटले, एवढंच.

बुधवारी रायपूर. "ड्रिंक्स?" डॉक्टरांनी विचारलं. वैशाली संजूकडे बघत होती. संजूने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाही सर." वैशालीने तोंड खिडकीकडे फिरवलं.

डॉक्टरांनी मात्र यावर काही लिहिलं नाही. एमआरसीपी करा म्हणाले – म्हणजे पोटातल्या नळ्यांचा फोटो. दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन आम्ही पुन्हा त्यांच्यासमोर बसलो. समजावून सांगायला त्यांनी आमच्याच पाकिटाची मागची बाजू पुढे ओढली, पेन टेकवलं आणि थांबले.

"यह पहले से किसने बना रखा है?"

मग त्यांनी सांगितलं ते असं : आईच्या पोटात असताना स्वादुपिंड दोन तुकड्यांत तयार होतं, प्रत्येकाची नळी वेगळी. पुढे दोन्ही नळ्या जुळतात. संजूच्या जुळल्याच नव्हत्या. त्यामुळे जवळजवळ सगळा रस एका बारीक तोंडातून बाहेर पडायला धडपडत होता. पुष्कळांना हे असतं आणि जन्मभर कळतही नाही. काहींच्यात दाब वाढतो आणि सूज येते. बाकी कारण सापडत नाही, म्हणून त्यांचा संशय यावर. दुर्बिणीने ते तोंड मोठं करायचं आणि आत बारीक नळी ठेवायची.

"और शराब?" वैशालीने विचारलं.

ही रचना जन्माची आहे, डॉक्टर म्हणाले, आणि पिण्याची एकही खूण मला यांच्या तपासण्यांत दिसत नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर वैशाली म्हणाली, "मंग तुमी खरंच नाई पेत?"

"दीड वर्ष झालं, तेच तं सांगून राहिलो न वो."

"मंग जोरानं सांगाचं न!" आणि ती ओढणीने डोळे पुसत हसायलाच लागली. त्या संध्याकाळी बॅग रिकामी झाली. नाराज झाले ते फक्त तिचे वडील. समितीच्या पुढच्या कार्यक्रमात व्यसनमुक्त जावयाचा सत्कार ठरला होता, हार सांगून झाले होते. त्यांनी फोनवर दोनदा विचारलं – "थोडीबी नाई?"

दुर्बिणीचं काम झालं. संजू घरी आला, जेवायला लागला, आणि आम्ही तिघं पेढे घेऊन काकांकडे गेलो.

"कोणाचं पोट?" काका म्हणाले.

मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरत गेला. "बाई, पोटातलं मले काय समजते? मी तुमच्या नळाचं सांगून राहिलो होतो! अजून तोडलं नाई का?"

पुढच्या रविवारी भिंत फोडली. काका खुर्ची टाकून समोर बसले. टाकीपासून नळापर्यंत एकच पाइप निघाला. सरळ, सलग, बाबांनी घातलेला. दुसरी लाइन नाही, जोड नाही, बारकं तोंडही नाही. शेवटी नळ खोलला, तर त्यात संजूने गुंडाळलेल्या टेपचा बोळा अडकला होता. म्हणजे बिघडवलं ते संजूनेच.

काकांनी सळई टेकवून पुन्हा ऐकलं. बराच वेळ. मग म्हणाले, "हे ते नाई. मी आयकलं ते हे नाई." पेढा त्यांनी घेतलाच नाही. चुकल्याचे पेढे खात नाही म्हणाले. आता गल्लीतले लोक गुडघे आणि पित्ताशय घेऊन त्यांच्या दाराशी जातात, आणि काका आतूनच ओरडतात, "नळ असन तं बोला!"

पोटाची गुरगुर त्यांनी ऐकली असेल, हे मला मान्य आहे. पण गुरगुरीवरून नळ्या किती आहेत ते कसं कळावं? डॉक्टरांना विचारलं, ते हसले. आमच्या घराबाबत काकांचं एकूण एक वाक्य चुकीचं होतं. फुटलेल्या टाइल्स माझ्या अंगणात पडून आहेत. त्यांनी काढलेल्या दोन रेघा जिथे हुबेहूब दिसतात, तो संजूच्या पोटाचा फोटो माझ्या कपाटात आहे. या दोन्हींच्या मध्ये काय ठेवावं, ते मला अजून सापडलेलं नाही.