दोन गिटारी, तारा सारख्याच

मुलगी शिकायला पुण्याला निघाली होती आणि घरातल्या दोन गिटारींपैकी एक तिच्याबरोबर जाणार होती. जुनी मी नोकरी लागल्यावर घेतलेली, नवी तिला बारावीनंतर मिळालेली. तिला जुनी हवी होती. मलाही. शेवटी ठरलं, जिचा आवाज चांगला ती तिने न्यायची.

जुनीचा आवाज त्या मे महिन्यात पार बसला होता. म्हणजे ती माझ्याकडेच राहणार. तरी मला चैन पडेना. बसलेल्या आवाजाची गिटार जिंकून करायचं काय? दोष तारांचा असेल म्हणून वर्ध्याला जाऊन दोन सारखे सेट आणायचं ठरवलं.

दुकानदाराने पुड्या मांडल्या. "काका, हा सेट ब्राइट. हा वॉर्म."

"वॉर्म म्हणजे?"

"म्हणजे... गरम."

बाहेर रस्त्यावरचं डांबर पातळ झालं होतं. अशा दिवसांत वर्ध्यात गरम आवाज विकणाऱ्याच्या हिमतीला दाद देऊन मी ब्राइटचे दोन सेट घेतले.

घरी येऊन दोन्हींवर तारा चढवल्या. नवी खणखणीत बोलली. जुनी उशीत तोंड खुपसून बोलावं तशी. मी तारा परत पिळल्या, परत सुरात लावल्या, पुन्हा वाजवलं. उठलो, बसलो.

"बाबा, एका जागी बसा ना," मुलगी म्हणाली. "कुठं ठेवता तुम्ही हिले?"

"कूलरसमोरच्या खुंटीवर. लाकडाला ऊन लागू नये म्हणून."

उन्हाळ्यात आम्ही जीव असलेली प्रत्येक गोष्ट कूलरसमोर नेतो. गिटारीचाही मी त्यात समावेश केला होता.

तिने गिटारीच्या पाठीवरून हात फिरवला. "पापडासारखी सादळून गेली हो ही!"

"माह्यापेक्षा तिचीच बडदास्त जास्त," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "मी घामानं भिजून राह्यली इथं."

गिटार आतल्या कोरड्या खोलीत गेली. आठवडाभर मी दिवसातून अनेकदा आत जाऊन एक तार छेडून यायचो. बरं नसलेल्या माणसाला सारखं "कसं वाटतंय?" विचारावं, तसं. मग एका सकाळी तिच्या खालच्या तारेचा नाद खोलीभर राहिला, आणि मला आनंद झाला की आता ती जाणार म्हणून वाईट वाटलं, ते ठरवता आलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी मुलीने मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. "पाहू नका. नुसतं ऐका अन् सांगा. पहिली की दुसरी?"

तिने एकच चाल दोनदा वाजवली. या परीक्षेत काही अर्थ नव्हता. जुनी गिटार मी झोपेतही ओळखली असती. पहिली चांगली वाजली. स्वच्छ, तरतरीत. दुसरीत मात्र प्रत्येक सुराच्या मागे आणखी थोडी जागा होती.

"सांगा ना, बाबा."

"परत वाजव."

तिने परत वाजवलं. तिने घाई केली नाही. तिलाही माहीत होतं, मला माहीत आहे.

"दुसरी," मी म्हणालो.

मागे गिटारीच्या पिशवीची चेन लावल्याचा आवाज आला. ती पूर्ण लागेपर्यंत मी भिंतीकडेच पाहत बसलो.