पाण्यात श्वास सोडायला शिकताना

मी होमगार्डमध्ये होते. शिक्षण चौथी. राहणार पाम गावची. गणपती विसर्जनाला माझी ड्युटी दांडीच्या किनाऱ्यावर लागायची. जोडीला कुसुमताई. त्या दांडीच्याच, मच्छीमाराघरच्या, सर्व्हिसने मला सीनियर. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून वॉकीटॉकी त्यांच्याकडे असे. दोघींचा रिपोर्ट त्याच द्यायच्या.

एका हिवाळ्यात त्याच किनाऱ्यावर ट्रायथलॉनचा बंदोबस्त लागला. आधी समुद्रात पोहायचं, मग सायकल, शेवटी पळायचं. बायकाही उतरल्या होत्या. कुसुमताई दिवसभर बघत राहिल्या. ड्युटी सुटल्यावर म्हणाल्या, "पुढल्या साली आपण दोघी. नाय बोलू नको."

मी नाही म्हटलं नाही. पळण्याची सवय परेडमुळे होती, कामाला मी सायकलवरच जायचे. पोहणं अजिबात येत नव्हतं.

आमचे इन्स्ट्रक्टर फौजेतून निवृत्त झालेले हवालदार, बोईसरला एका कारखान्यात सिक्युरिटीला. रविवारी सकाळी तळ्यावर परेडसारखं शिकवायचे. "फेस इन. बबल्स. साइड. ब्रीद." तोंड पाण्यात घालायचं, हवा सोडायची, मान बाजूला करून श्वास घ्यायचा. पंजाबी ड्रेसवर, काठाला धरून, मी तेवढंच करायचे. पण पाण्यात श्वास धरून ठेवायचे. मान वळवली की सोडायचा आणि घ्यायचा एकदमच, आणि पाणी नाकात. बऱ्याच दिवसांनी जमलं.

कुसुमताईंना जमलं नाही. त्या लहानपणापासून पोहत होत्या, पण तोंड वर ठेवून. त्यांच्याकडे पाण्यात नजर होडीवर ठेवतात, आणि बुडी मारली तर श्वास कोंडूनच. मान वर धरली की पाय खाली जातात, माणूस लवकर दमतो, असं हवालदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, "साहेब, तोंड पाण्यात घातलं तर होडी कोन बगेल? आन बुडबुडं सोडायला मी काय मासा हाय?" तळ्यावर सगळे हसले. मीसुद्धा.

त्या वर्षी अनंत चतुर्दशीला भरती जोरात होती. संध्याकाळी एक माणूस मूर्तीबरोबर फार आत गेला आणि पाण्याच्या ओढीत सापडला. कुसुमताईंनी वॉकीटॉकी माझ्या हातात दिला, कमरेला दोर बांधला.

"दोर धर. सोडू नको."

एवढंच बोलल्या आणि गेल्या. माझ्याबरोबर दोघे मच्छीमार दोर धरून होते. पाण्यावर कुसुमताईंचं डोकं दिसत होतं, तोंड वर. मग दोराला हिसका बसला. आम्ही ओढला. त्यांनी स्वतःचा दोर सोडून त्या माणसाला बांधला होता. तो जिवंत होता. त्या दिसत नव्हत्या.

मी बटण दाबलं. "कंट्रोल, दांडी पॉइंट. एक होमगार्ड पाण्यात. होड्या पाठवा. ओव्हर."

वायरलेसवर मी पहिल्यांदा बोलले ती तेव्हा. दुसऱ्या दिवशी त्यांचा देह घिवली गावाच्या किनाऱ्याला लागला.

त्यानंतर तळ्यावर गेले की तोंड पाण्यात घालवेना. काठावर बसून परत यायचे. हवालदार घरी आले, चहा घेतला. म्हणाले, शर्यतीला दोघींची नावं दिलेली आहेत, तुझंही काढू का? मी म्हटलं, माझं नाव राहू द्या.

शर्यतीत पहिलीच लाट तोंडावर आली आणि श्वास अडकला. मी मदतीच्या होडीला हात घातला. होडीवाला म्हणाला, "बाय, चढ वर. लाज कसली?"

वर चढले असते तर पुन्हा कधी पाण्यात गेले नसते, हे मला माहीत होतं. हात सोडला. तोंड पाण्यात घातलं आणि छातीतली सगळी हवा सोडून दिली. मान आपोआप वळली. पाण्याबाहेर मी सगळ्यांत शेवटी आले. किनाऱ्यावर माझी वाट बघणारं कुणी नव्हतं. सायकल घेतली आणि निघाले.

आता सर्व्हिस सोडली आहे. दांडीला अजून पोहते, एकटीच. हवालदार म्हणतात, श्वास दोन्ही बाजूंनी घेता आला पाहिजे. मी किनाऱ्याला धरून जाते आणि तशीच परत येते. एका बाजूला गाव असतं, दुसऱ्या बाजूला नुसता समुद्र. कुसुमताई समुद्राच्या बाजूला गेल्या. मी तिकडेच तोंड करून श्वास घेते. जाताना डावीकडे, येताना उजवीकडे. दोन्ही बाजू मला अशा आल्या.