जड ते खरं मानणारे आमचे भाऊजी

आमच्या भाऊजींना अक्कल नाही असं मी कधीच म्हटलं नाही. अक्कल आहे, पण सगळी मनगटात. छत्तीस वर्षं या माणसाने गोदामाच्या वजनकाट्यावर ट्रक तोलले. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, मधला फरक वहीत. तेवढ्यावरून त्यांनी जगाचं शास्त्र बांधलं, की जे जड ते खरं, बाकी सगळी फसवणूक. खुर्ची घ्यायची तर आधी एका हाताने उचलणार. जावयाला पहिल्यांदा भेटले तेव्हा मिठी मारून जरासा वर उचलला, आणि मग कुठे पोरगा पसंत पडला.

त्यांची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ, मुलींच्या शाळेत गाणं शिकवायची. दर वर्षी पन्नास मुली एका सुरात उभ्या करायची आणि त्याची कॅसेट करून ठेवायची. चपलांच्या खोक्यात अशा तीसेक कॅसेटी आहेत. पुढे तिची नजर अधू झाली, वाचन गेलं, शिवण गेलं. मग कानही कुरकुरायला लागले. डॉक्टर म्हणाले, बारीक, उंच आवाज आधी जातात, हिचे गेलेतच. खालचे भरीव आवाज अजून येतात, पण तेही किती दिवस, सांगता येत नाही. धाकटी रडली नाही की काही नाही. घरी येऊन म्हणाली, मग माझ्या मुलींना आत्ताच ऐकून घेते.

घरातला टेप केव्हाच मेला होता. तिने आपल्या पेन्शनीतून साठवलेली रक्कम भाऊजींच्या हातावर ठेवली आणि सांगितलं, कॅसेटी वाजतील असं काहीतरी एवढ्यात बसवा, पुन्हा मागू नका. इथेच चुकली. ट्रकवाल्याच्या हातात गाणं दिलं.

भाऊजींनी आठवडाभर असा आव आणला की जणू धरण बांधायचंय. कागदावर चौकोन काढले, रेघा मारल्या, रक्कम कशी वाटायची यावर मला जेवताना व्याख्यान दिलं. दुकानदार बिचारा सरळ माणूस. त्याने सांगितलं, जास्त पैसा स्पीकरवर घाला, कारण आवाज शेवटी त्यातूनच निघतो, आणि ज्यांना ऐकायचंय त्यांनाच घेऊन या. भाऊजींना वाटलं, हा आपला पडून राहिलेला माल गळ्यात मारतोय. ते एकेक वस्तू उचलून बघत दुकानभर हिंडले. गुडघ्याएवढे स्पीकर उचलले, ते हलके लागले. बोटाने वाजवून बघितले, पोकळ. पोकळ खोक्याला पैसे मोजायला मी वेडा आहे का, असं वर दुकानदारालाच विचारलं. शेवटी आवाज मोठा करणारा अठरा किलोचा अँप्लिफायर घेतला. जवळजवळ सगळी रक्कम त्यात गेली. उरल्यासुरल्यात टेप वाजवायचं एक यंत्र आणि मुठीएवढे दोन स्पीकर आले. तेही पसंत कशावरून, तर आकाराच्या मानाने दगडासारखे जड होते म्हणून.

टेबल वाकलं. भाऊजींची छाती फुगली. धाकटी केस विंचरून, चांगली साडी नेसून खुर्चीत बसली आणि सवयीने दोन्ही हात वर धरले, मुली समोर उभ्या असल्यासारखे. भाऊजींनी बटण दाबलं. दोन डब्यांत माश्या कोंडल्यासारखा आवाज आला. मला आला, तिला तोही नाही. तिचे हात तसेच वर.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "लावलं का हो?"

भाऊजींनी आवाज वाढवला. समोरच्या घरातल्या बाईने खिडकी लावून घेतली, इतका वाढवला. धाकटीने मान हलवली आणि हात खाली घेतले. ते हात खाली आलेले मला बघवेनात.

स्वयंपाकघरात येऊन हा शहाणा मला हळूच म्हणतो, "तिचे कानच संपले, वहिनी. यंत्रात काही खोट नाही."

"कान आहेत तिला, भाऊजी. तुम्हाला नाहीत. त्या दुकानदाराने सांगितलं ते ऐकलंत का?"

दुसऱ्या दिवशी मी धाकटीला आणि एका कॅसेटला घेऊन निघाले. अठरा किलो भाऊजींनी तीन जिने एकट्याने उतरवले. मी हात लावला नाही. जड ते खरं ना, मग वाहा.

दुकानदाराने धाकटीला मधोमध बसवलं. अँप्लिफायर साधा, सगळ्यात लहान ठेवला, आणि फक्त स्पीकर बदलत गेला. ती नाही म्हणायची, तो पुढचा जोडायचा. भाऊजी कोपऱ्यात उभे. मग ती गुडघ्याएवढी पोकळ खोकी लागली, आणि धाकटीचा उजवा हात आपोआप वर गेला.

"ही मागच्या रांगेतली," ती म्हणाली. "आवाज जाड म्हणून वर्षभर हिला दाबत होते मी. आता हीच तेवढी पूर्ण ऐकू येतेय."

दुकानदाराने थोडं कापून अठरा किलो परत घेतले. ती पोकळ खोकी आणि तो लहान अँप्लिफायर दिला. भाऊजींनी तो दोन बोटांवर उचलला आणि तोंड असं केलं, जसा काही ट्रक रिकामाच आलाय.

आता रोज संध्याकाळी मुली गातात. परवा मी गेले तर भाऊजी खाली बसून एका खोक्याला तळहात लावून होते. म्हटलं, आता काय तोलताय?

"आत काहीच नाही, वहिनी," ते म्हणाले. "तरी हाताला लागतंय."

"गप्प बसा हो," खुर्चीतून धाकटी म्हणाली. "ती गातेय."