एकाच कुंडीचे तीन फोटो

हे मी मुद्दाम मराठीत लिहिते आहे. थोरलीला निम्मं वाचता येईल, मधल्याला पाव, धाकटीला काहीच नाही. म्हणजे तुमच्या बाबांना ते मोठ्याने वाचून दाखवावं लागेल आणि तिघांना एकाच वेळी ऐकावं लागेल. मला तसंच हवं आहे.

तुमच्या घराच्या पायऱ्यांना लागून हॉस्टाच्या झुडपांची जी रांग आहे, ती मी पाहिली तेव्हा तिकडे पानगळ सुरू झाली होती. मी विमानतळावरून आल्या आल्या त्या रुंद, शिरा उठलेल्या पानांवरून हात फिरवला होता. महिन्याभरात ती पानं पिवळी पडली, मग लिबलिबीत होऊन जमिनीला चिकटली. मला वाटलं, मेली. मी बाबांची खुरपी शोधायला निघाले, तर मधला वाटेत उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, उपटू नको. ते झोपलंय." मी इकडे देवरीला परतल्यावर एप्रिलमध्ये तुम्ही फोटो पाठवला. काळ्या मातीतून जांभळट टोकदार कोंब वर आले होते, बांबूच्या कोंबांची लहान भावंडंच जशी. मी तो फोटो कितीदा पाहिला असेन.

मग मला तो हॉस्टा इथे हवासा झाला. हे वेडेपण होतं, मला कळत होतं. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी अंगणातला नळ उघडला तर हात भाजतो. पण धाकटी फोनवर म्हणाली होती, "आजी, तुझ्याकडे पण असेल तर आपलं घर सेम होईल." तेवढं मला पुरलं. डोंगराळ भागातल्या एका रोपवाटिकेकडून मी श्रावणात एक गड्डा मागवला. शेवाळात गुंडाळलेला, खोक्यात. तो मी विहिरीजवळ आंब्याच्या सावलीत कुंडीत लावला. मी इंग्रजीतली माहिती छापून घेतली, वाचली, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या. शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवल्यावर माणूस रेघा मारल्याशिवाय वाचूच शकत नाही.

त्या माहितीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली होती. या झाडाला थंडी मिळावी लागते, आणि तीही चांगली दोन-अडीच महिने. आमच्या थंडीत स्वेटर निघतो, पण त्याला ती पुरणारी नव्हती. म्हणून पानं वाळल्यावर डिसेंबरात मी गड्डा काढला, माती झटकली, ओलसर वर्तमानपत्रात गुंडाळला आणि फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवला. सफरचंदं तिथून हलवली, कारण त्यांच्याजवळ ठेवू नये असं लिहिलं होतं.

आमच्या बागेत मंगळवारी आणि शनिवारी येणाऱ्या मावशीला तुम्ही फोनवर पाहिलं आहे. जंगलाकडच्या गावातून सायकलवर येते, आणि तिच्या हाताला जे लागतं ते जगतं. तिने कोथिंबीर काढायला कप्पा उघडला आणि तशीच उभी राहिली.

"म्याडम, फ्रिजात माती काऊन ठेवून राहिल्या?"

"माती नाही. कंद आहे. थंडीत झोपवलाय."

"कंद त टोपलीत झोपते." तिने पुडा उचलून हुंगला. "पाहुणा आला न त्यानं कप्पा उघडला, त काय म्हणल? म्याडमचं डोकं फिरलं म्हणल."

मी म्हटलं, पाहुण्याने माझा कप्पा उघडायचं कारण काय? ती हसत कोथिंबीर घेऊन गेली, पण त्यानंतर दर शनिवारी न सांगता तो पुडा उघडून बघायची. कागद वाळला असेल तर स्वतःच पाणी शिंपडायची.

फेब्रुवारीत गड्डा बाहेर काढला. तीन डोळे दिसले. फुगलेले, तुरीच्या दाण्याएवढे. तीन डोळे आणि तुम्ही तिघं.

तुमचे बाबा आणि आत्या लहान असताना मी चिक्कीसुद्धा फूटपट्टी लावून कापत असे, हे त्यांनी तुम्हाला हसत सांगितलं असेल. घरात भांडण नको, एवढाच त्यामागचा हेतू. पण पुढे ती सवयच झाली. सगळ्यांना सारखं वाटून दिलं की माझं काम झालं, मग ज्याच्या हातात दिलं त्याला ते पुरेल की नाही, हे मी कमीच पाहिलं. त्या दिवशीही तेच. माहितीत स्पष्ट लिहिलं होतं की लहान गड्डा फोडू नये, निदान दोन-तीन डोळे एकत्र राहू द्यावेत. त्या ओळीखाली मी स्वतः रेघ मारलेली होती. तरी मी मावशीला विचारलं. उत्तर काय येणार ते ठाऊक असल्यावर माणूस विचारतो ना, तसं.

"डोळा हाय ना? मंग जगते," ती म्हणाली. "हळदीचं आमी असंच करतो. एक डोळा, एक झाड. पर कापून झालं की दोन-तीन दिवस सावलीत पडू द्या. घाव सुकू द्या त्याचा."

"उद्या रविवार आहे. मुलांचा फोन असतो. कुंड्या दाखवायच्या आहेत."

"रविवार तुमाले समजते. त्याले समजते का?"

मी ऐकलं नाही. गरम पाण्याने धुतलेल्या सुरीने गड्ड्याचे तीन तुकडे केले आणि त्याच संध्याकाळी तीन कुंड्यांत लावून टाकले. आइस्क्रीमच्या काड्यांवर नीट अक्षरात थोरली, मधला, धाकटी असं लिहून त्या खोचल्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही तिघांनी आपापल्या काडीकडे बोट दाखवून केवढा आरडाओरडा केलात! धाकटीने तर फोनलाच पापी दिली. त्या दिवशी मी फार खूश होते.

धाकटीची कुंडी सगळ्यात आधी गेली. मार्चमध्ये कोंब येईना म्हणून मी बोटाने माती उकरली. आत तुकडा जास्त शिजलेल्या सुरणासारखा झाला होता आणि वास येत होता. ओला घाव तसाच मातीत घातल्याचं ते फळ. थोरलीच्या कुंडीत एक पान आलं, विड्याच्या पानाएवढंही नाही, एप्रिलमध्ये त्याच्या कडा करपल्या आणि ते देठासकट वाकलं. जगली ती मधल्याची. तिला मी मे महिनाभर माझ्या खोलीत, कूलरच्या झोतापासून जरा बाजूला, स्टुलावर ठेवली.

"माणसाले कूलर भेटत नाही," मावशी दारातून म्हणाली, "न या झाडाले म्याडमच्या खाटेपाशी जागा!"

हे इथवर झालं ते चुकीने झालं. यापुढचं मी जाणूनबुजून केलं.

मार्चमधल्या एका रविवारी धाकटीने विचारलं, "माझं उगवलं?" तिचा चेहरा फोनच्या इतका जवळ होता की नुसता एक डोळा आणि नाक दिसत होतं. मी म्हटलं, "झोपलंय अजून." ते तिला पटलं, तुमच्याकडे अजून बर्फच होता. पण एप्रिल संपत आला, तुमच्या पायऱ्यांजवळ कोंब आले, आणि मग तिला फोटो हवा झाला. मी मधल्याच्या कुंडीतली काडी काढली, धाकटीची खोचली आणि फोटो काढला. मग कुंडी फिरवली, थोरलीची काडी खोचली, मागे दुसरी भिंत येईल असं बघितलं. मग मधल्याची. तीन फोटो. काम नेहमीसारखं टापटीप केलं. त्यानंतर दर रविवारी फोनआधी असेच तीन फोटो पाठवले.

मावशीने एकदा पाहिलं. ती शेणखत कालवत राहिली. मीच म्हटलं, "लहान आहेत. वाईट वाटेल."

"मंग वाटू द्या," ती म्हणाली. "आमच्या घरी बकरी मरते त लेकरायले सांगतोच ना. रडतात, न जेवतात. तुमी कायले फसवून राहिल्या?"

मी तिला म्हटलं, तू आपलं खत बघ. हे मी तिला असं बोलायला नको होतं.

पावसाळ्यात कुंडी व्हरांड्यात आणली. एका मोठ्या पानाला देठाजवळ नाकतोड्याने भोक पाडलं, अर्ध्या चंद्रासारखं. मी कुंडी फिरवत होते, पण पानं आता पसरली होती आणि ते पान कुठूनही दिसायचं. त्या रविवारी धाकटी आनंदाने ओरडली, "आजी, माझ्या पानाला चंद्र आहे! आणि दीदीच्या पण! दादाच्या पण! सेम नाकतोडा आला आपल्या तिघांकडे!"

आणि मी म्हणाले, "हो ना, हावरट आहे मेला."

फोन ठेवल्यावर मला शाळेतली एक गोष्ट आठवली. सातवीच्या दोन मुलांनी 'माझे गाव' या विषयावर इंग्रजी निबंध लिहिला होता. दोघांच्याही घरी तांबडी गाय होती आणि दोघांच्याही गाईचं डावं शिंग मोडलेलं होतं. मी त्यांना उभं करून विचारलं, दोन्ही गाईंचं डावंच शिंग कसं मोडलं? एक जण शांतपणे म्हणाला, "म्याडम, आमच्या गावच्या गाई लय भांडतात." सगळा वर्ग हसला, मी हसले नाही. दोघांनाही शून्य दिलं, आणि खोटं बोलण्यावर अर्धा तास बोलले. आता तो मुलगा मला बराच प्रामाणिक वाटतो. त्याने सबब निदान स्वतः शोधली होती. माझी सबब एका सहा वर्षांच्या मुलीने मला आयती दिली आणि मी ती घेतली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मग मनात आलं, गड्डा वाढतो आहे, पुढच्या वेळी पुन्हा तीन करता येतील. तीन खऱ्या कुंड्या झाल्या की खोटं आपोआप मिटेल आणि कोणाला काही सांगावंच लागणार नाही. या आशेवर मी दिवाळीपर्यंतचे दिवस काढले. त्यातच बाबांनी सांगितलं की नाताळच्या सुट्टीत तुम्ही येताय. धाकटी म्हणाली, तिला आपला हॉस्टा फ्रिजमध्ये दादाच्या शेजारी झोपलेला बघायचाय.

परवा शनिवारी पानं वाळलेली होती. मावशीने कुंडी आडवी करून गड्डा अलगद बाहेर काढला, पाण्याच्या बादलीत हलवून धुतला आणि माझ्यासमोर धरला. चार डोळे होते. सुरी मी सकाळीच धुऊन पाटावर ठेवली होती.

"कापाचं का?" तिने विचारलं.

"कापलं तर तीन होतील. मुलं यायच्या आधी."

"न मेलं त?"

तिने गड्डा ओंजळीत फिरवला. फेब्रुवारीतल्या घावाची जागा एका बाजूला दिसत होती, सुकून तपकिरी झालेली, बोटाच्या पेराएवढी. त्या बाजूला एकही डोळा फुटलेला नव्हता. चारही डोळे दुसऱ्या बाजूला, जिथे माझी सुरी लागली नव्हती तिथे, एकमेकांना चिकटून आले होते.

"एवढ्या उन्हातून वाचलं न हे," मावशी म्हणाली. गड्डा माझ्यासमोर धरून ती वाट बघत राहिली.

मी सुरी आत नेऊन ठेवली. परत येताना वर्तमानपत्र आणलं. आम्ही दोघींनी गड्डा अख्खाच गुंडाळला आणि कप्प्यात ठेवला. सफरचंदं मी हलवणार, तोवर तिने ती काढून टोपलीत टाकलेलीसुद्धा होती. मी तिला म्हटलं, खताच्या वेळी तुला नको ते बोलले. ती म्हणाली, "मी त आयकलंच नाही," आणि सायकल काढली.

तर आता तुम्हाला सगळं ठाऊक झालं. धाकटे, तुझा हॉस्टा मार्चमध्येच मेला, आणि तो नाकतोडा एकाच पानावर बसला होता. थोरले, तुझाही एप्रिलमध्ये गेला. दोन्ही माझ्या घाईने गेले आणि मार्चपासून आजवर मी तुमच्याशी खोटं बोलले. रडू आलं तर रडा. बाबांनी लगेच गप्प करू नये.

तुम्ही याल तेव्हा कप्प्यात एकच पुडा असेल. उघडून बघा, फक्त कागद ओला ठेवा. रिकाम्या झालेल्या दोन कुंड्यांत मावशीने जूनमध्ये मला न विचारता हळद लावली होती. आता तिची पानं वाळायला लागली आहेत, तुम्ही याल तोवर ती काढायला होईल. एकेक डोळ्याची हळद, चांगली भरली आहे. थोरलीने आणि धाकटीने ती खणून काढावी, हात पिवळे होतील ते चालेल. ही हॉस्टाची भरपाई आहे असं मी म्हणत नाही.

मधल्या, गड्डा तुझा आहे. मी तो तिघांत वाटणार नाही, आणि तू वाटावास असंही तुला सांगणार नाही. वाटायचा झालाच तर सहा डोळे होईपर्यंत थांब, कापल्यावर घाव दोन-तीन दिवस सावलीत सुकू दे, आणि मधे रविवार आला तर मला फोनवर नुसता घाव दाखव.